नोंद बंद होणार नाही

मी फळीवरून पडले त्याच्या पुढच्या हंगामात आई-आबा ऊसतोडीला गेले, तेव्हा मला तात्यांच्या घरी ठेवलं होतं. तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. पडले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीला लावलेल्या फळीवर चढत होते, पाय सटकला, आणि त्या दिवसापासून कमरेखालचं अंग माझं ऐकेनासं झालं. तात्यांनी मला मागची खोली दिली, गादी दिली, दोन वेळचं ताट दिलं. कुणी वाईट बोललं नाही. पण मोरीत जायचं तर हाक मारावी लागायची, आणि हाकेला कुणी यायला कधी पाच मिनिटं लागायची, कधी तास. दुसऱ्या आठवड्यापासून मी पाणी पिणंच कमी केलं. पाडव्याच्या सुमारास आई परत आली तेव्हा माझे ओठ फुटलेले होते, आणि लघवीचं दुखणं पुढं महिनाभर पुरलं.

तेव्हाच मी सांगून टाकलं, "पुन्यांदा मी कुणाच्या घरी राहणार न्हाई. आपल्याच घरी राहीन. एकटी."

आबा म्हणाले, "येडी झालीस का? मोटर कोण लावील? पाणी कोण भरील?"

"मी."

म्हणायला सोपं होतं. खरं करायला आठ वर्षं लागली. तेवढ्या काळात मी कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि घरी बसून लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरायला लागले. पीकविमा, उत्पन्नाचा दाखला, पोरींच्या स्कॉलरशिपा. आई माझ्यापायी गावातच अडकली. तोडीला जोडीनं जावं लागतं, म्हणून आबा दुसऱ्याच्या शेतात सालगडी राहिले. आईनं हे एकदाही बोलून दाखवलं नाही. न बोलणं जास्त लागायचं.

घर हळूहळू माझ्या मापाचं झालं. आबांनी उंबरा काढून उतार केला. वायरमननं बटणांचे बोर्ड खाली घेतले. राहिलं फक्त पाणी. आमचा नळ जमिनीतल्या हौदात पडतो आणि तिथून मोटरनं स्लॅबवरच्या टाकीत चढवावं लागतं. हौद आणि मोटर अंगणाच्या खालच्या अंगाला, चार पायऱ्या उतरून. नळ कधी येईल त्याचा नेम नाही आणि लाईट कधी जाईल त्याचाही नाही. हौदात पाणी आणि तारेत लाईट अशी गाठ पडेल त्या वेळी त्या चार पायऱ्या उतरणार कोण?

त्यासाठी मी तो छोटा कॉम्प्युटर मागवला. एकाच पाटीवर सगळं बसवलेलं, पत्त्यांच्या कॅटाएवढा. हौदात एक सेन्सर, टाकीत एक, आणि नळाच्या पाइपात पाणी वाहिलं की फिरणारी चकती. हौदात पाणी आणि घरात लाईट असली की मोटर आपोआप सुरू, टाकी भरली की बंद. मोबाईलवर व्हिडिओ बघत, तीनदा फ्यूज उडवत, चार महिन्यांत जमलं. पहिल्यांदा चाललं त्या दिवशी आई टाकीखाली उभी राहून वर पडणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकत होती. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "आता जाऊ का गं मी तोडीला? ह्यांच्याबरोबर?"

दिवाळी झाली आणि दोघं टोळीबरोबर गेले. तात्या त्याच दुपारी आले.

"चल आमच्याकडं. लोकं काय म्हणत्याल, पांगळी पोरगी एकटी टाकली. अन् तुझ्या ह्या खोल्या रिकाम्याच पडत्याल, आमचा कापूस तरी ठेवता येईल."

"रिकाम्या कशा, तात्या? मी हाय की इथं."

ते चहा न घेता गेले.

त्या कॉम्प्युटरची एक सवय होती, जी मी मागितलेली नव्हती. तो जे घडेल ते टिपून ठेवायचा. नळ कधी आला, किती वेळ चालला, लाईट कधी गेली, कधी आली. डिसेंबरात एकदा सहज मी त्या नोंदी उघडल्या आणि बघतच राहिले. आमच्या गल्लीला पाणी आलं होतं तेरा दिवसांनी, मग अकरा, मग पुन्हा तेरा. नुसतं वाट बघणाऱ्या माणसाला वाटतं, लई दिवस झाले. नोंदीत आकडा होता.

मी पाणी सोडणाऱ्या ग्रामपंचायतीच्या शिपायाला फोन केला. तो म्हणाला, "चार दिसाला सोडतो मी. सगळ्या गल्ल्यांला. तुमचंच काहीतरी बिघडलं असंल." सरपंचांना फोन केला. ते म्हणाले, पुरावा असेल तर सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेला आण.

सव्वीस जानेवारीला सकाळी नोंदी छापून काढायला बसले तर लॅपटॉपवर काहीच येईना. पाटीवरचा लाल दिवा जळत होता, हिरवा लुकलुकत नव्हता. आदल्या दिवशी लाईट सात-आठ वेळा गेली होती. पाटीतलं नखाएवढं मेमरी कार्ड काढलं, पुसलं, लॅपटॉपला लावलं. लॅपटॉप म्हणाला, कार्ड कोरं आहे. सिस्टीम गेली, मोटरचं सगळं गेलं आणि नोंदीही गेल्या. दुसरीकडं कुठं त्यांची नक्कल मी ठेवली नव्हती. एवढं सगळं शिकले, आणि ही साधी गोष्ट सुचली नव्हती.

तरी गेले. ग्रामपंचायतीला तीन पायऱ्या आहेत. चौघांनी मला चाकाच्या खुर्चीसकट उचलून वर नेलं, कडब्याची पेंढी न्यावी तसं. माझ्या मांडीवर रिकामी फाईल. मी उभं राहून बोलू शकत नाही, म्हणून हात वर करून बसले. बराच वेळ कुणी बघितलंच नाही.

"तेरा दिवसांनी पाणी येतंय आमच्याकडं. नोंद होती. मशीन बंद पडलं."

हशा पिकला. शिपाई म्हणाला, "बघा, नेमकं आजच बंद पडलं!" आणि मग तात्या उठले. माझे तात्या. "घरात एकटी बसून बसून पोरीच्या डोक्यात कायबी येतंय. मनावर घेऊ नका."

शिपायाचं मला काही वाटलं नाही. तात्यांचं वाटलं. उतरताना पुन्हा चौघं उचलायला आले तेव्हा मी खुर्चीची चाकं घट्ट धरली. "पुन्यांदा मला उचलायचं न्हाई," म्हणाले. पण खाली तर उतरायचंच होतं. त्या दिवशी उचलूनच उतरवलं.

शेजारच्या भाभी शिलाईकाम करतात. त्यांनी चार दिवस, रोज दोन वेळा, पायऱ्या उतरून माझी मोटर लावली. मी त्यांना ज्या दिवशी तिसऱ्यांदा हाक मारली त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की मी पुन्हा कमी पाणी प्यायला लागले आहे. त्याच संध्याकाळी वडवणीच्या बाजारातून साधं कार्ड मागवून घेतलं आणि मोटर कशीबशी सुरू केली. पण हेही कार्ड मरणार हे ठाऊक होतं.

बीडच्या एका दुकानदाराला फोन लावला. तो कॅमेऱ्याचं आणि कॉम्प्युटरचं सामान विकतो.

"ताई," तो म्हणाला, "ह्या कार्डाला लई लिहिणं सोसत न्हाई. शाळेतली एकच पाटी रोज हजारदा पुसून लिहिली तर झिजंल का न्हाई? त्यात तुमच्याकडं लाईट जाती. लिहिता लिहिता लाईट गेली की कार्ड खलास. सोपा उपाय सांगतो. नोंदी बंद करा. मोटर चालती ना? बास झालं की."

भाभींचं म्हणणंही तेच. आबांचंही, फोनवर तोडीच्या फडातून, मागं ट्रॅक्टरचा आवाज. "कशाला पाहिजे लिहिणं? पाणी चढल्याशी मतलब."

त्यांचं चुकत नव्हतं. नोंदी बंद केल्या असत्या तर साधं कार्ड वर्षानुवर्षं चाललं असतं. मीही एक रात्र तसाच विचार केला. मग वाटलं, नोंद बंद झाली तर बरं कुणाला वाटणार? शिपायाला वाटेल, सरपंचांना वाटेल आणि तात्यांना वाटेल. ज्या गोष्टीनं एवढ्या जणांना बरं वाटतं ती मी करणार नव्हते.

आधी मी हे बघितलं की कॉम्प्युटर नेमकं लिहितो तरी काय. तर तो स्वतःच्या अंगाचा ताप दर दहा सेकंदाला लिहीत होता. मोबाईल घरात आहे की नाही, वाय-फाय किती जोरात आहे, हेही. ही सगळी बडबड मी बंद केली. नळ, हौद, टाकी, लाईट एवढंच ठेवलं. शंभरातलं नव्वद लिहिणं तिथंच थांबलं. दुकानदाराचं निम्मं मी ऐकलं म्हणायचं.

उरलेल्या निम्म्यासाठी बीडला गेले. रिक्षा सांगितली, भाभींना बरोबर घेतलं, मांडीवर पाटी, लॅपटॉप आणि तारांची पिशवी. दुकानाला एक उंच पायरी होती. दुकानदार म्हणाला, "थांबा, दोघं पोरं बोलावतो, उचलून घेतील."

"मला नका उचलू. तुमचं सामान उचला अन् बाहेर आणा."

तो हसला, पण आणलं. फुटपाथवर एक स्टूल ठेवलं, आतून वायर ओढली आणि चार वस्तू मांडल्या. पहिलं, कॅमेऱ्यात रात्रंदिवस चालतं तसलं महागाचं कार्ड. दुसरा पेनड्राइव्ह. तिसरी जुन्या लॅपटॉपमधून काढलेली हार्डडिस्क, आत तबकडी फिरते ती. चौथी एसएसडी, म्हणजे आत फिरणारं काहीच नसलेली डिस्क, चपट्या बिस्किटासारखी.

"ह्यातलं कोणतंबी घ्या."

"लावून बघते. सगळी."

"पाकीट फोडलं की माल परत घेत न्हाई, ताई."

"चाललं तर मी घेते. अन् न्हाई चाललं, तर तसला माल तुमी दुसऱ्याला विकणार का?"

भाभी तोंडाला पदर लावून हसत होत्या. त्यानं पाकिटं फोडली.

एकेकावर सिस्टीम चढवायला वेळ लागतो. अख्खी दुपार आम्ही त्या फुटपाथवर होतो. माझी परीक्षा साधी होती. पाटी सुरू करायची, नोंदी लिहायला लावायच्या आणि लिहिता लिहिता सरळ वायर ओढायची. आमच्या गल्लीत लाईट जाते तशी, न सांगता. दहा वेळा. दुकानदार पहिल्या ओढीला कळवळला. "अहो, असं कुणी करतं का?"

"आमच्याकडं रोज करत्यात."

पेनड्राइव्ह इतका तापला की बोट टेकवेना, आणि सातव्या ओढीला गेला. फिरणाऱ्या डिस्कला पाटीची ताकद पुरेना. चालू होताना टक टक करायची आणि पडद्यावर वीज कमी पडल्याची खूण यायची. एसएसडी तर सुरूच होईना.

"बघा," दुकानदार म्हणाला, "म्हणून म्हणतो, कार्ड घ्या."

आणि कार्ड खरंच चांगलं निघालं. दहाच्या दहा ओढी सोसल्या. भाभी म्हणाल्या, "घे की आता. झालं ना." उन्हं कलली होती, माझी पाठ भरून आली होती, आणि खुर्चीत इतका वेळ बसायची मला डॉक्टरांनी परवानगी दिलेली नाही. घ्यावंसं वाटलं. पण मी दुकानदाराला विचारलं, "हे किती झिजलं ते मला कळंल का? मरायच्या आधी?"

"कार्डाचं कसं कळणार? कार्ड सांगत न्हाई. एक दिवस जातं."

"अन् ही न फिरणारी डिस्क?"

"ही सांगती. किती आयुष्य राहिलं ते विचारता येतं."

"मग हिची तार बदला."

त्यानं डिस्क जोडायची दुसरी केबल आणली, दुसऱ्या बनावटीची. डिस्क सुरू झाली. बिघाड केबलीत होता. मी वायर ओढली. एक, दोन, तीन... आठव्या वेळेला दुकानदारानं माझ्या हातातून वायर घेतली आणि शेवटच्या दोन ओढी त्यानंच मारल्या, मान फिरवून. पाटी दोन्ही वेळा उठली. नोंदी उघडल्या. वायर ओढली त्या क्षणापर्यंतचं सगळं जागेवर होतं.

मी डिस्क घेतली, ती केबल घेतली, जास्त ताकदीचा चार्जर घेतला आणि लाईट गेल्यावर पाटीला तासभर सांभाळील अशी छोटी बॅटरी. महाग कार्डही घेतलं, कारण शब्द दिला होता. रोज नोंदींची एक नक्कल त्या कार्डावर पडते. आठवड्यातून एकदा एक नक्कल दुसऱ्या एका पेनड्राइव्हवर काढून भाभींकडं देते. त्यांच्या रिळांच्या डब्यात ती सगळ्यात सुखरूप असते. त्या डब्याला त्या कुणालाच हात लावू देत नाहीत.

फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. पाणी आलं बारा दिवसांनी, तेरा दिवसांनी, एकदा पंधरा. लाईट गेली त्याचा तर मी हिशोबच सोडला. डिस्कनं सगळं धरून ठेवलं. पाडव्याला आई-आबा आले. मी आईला सगळं सांगितलं, तात्या सभेत काय म्हणाले तेही. महाराष्ट्र दिनाला पुन्हा ग्रामसभा होती; त्या सकाळी आई नवं लुगडं नेसली.

ग्रामपंचायतीच्या तीन पायऱ्यांपाशी आलो तर तेच चौघं पुढं आले.

"मी वर येणार न्हाई," मी म्हणाले. "सभा खाली घ्या."

"अगं, सभा आत असती. कावून हट्ट करती?"

"ग्रामसभा गावाची असती. मी गावातली हाय. मला वर येता येत न्हाई, तुमाला खाली येता येतंय."

आई माझ्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसली. मग भाभी बसल्या. मग आमच्या गल्लीतल्या बायका एकेक करून बसायला लागल्या, कुणी न सांगता. ऊन चढत होतं. ग्रामसेवक दोनदा दारात येऊन बघून गेले. शेवटी टेबल खाली आलं, खुर्च्या खाली आल्या आणि लिंबाच्या सावलीला सभा सुरू झाली.

मी कागद वाचले. तारीख, वेळ, किती मिनिटं. शिपाई म्हणाला, मशीन खोटं असेल. मी म्हणाले, "मग लाईटीच्या वेळा बघा. लाईट कधी गेली ते साऱ्या गावाला माहीत हाय. ते खरं निघालं तर पाणीबी खरं." एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं लाईट जाऊन आपली पाण्याची मोटर बंद पडली ते तीन दिवस आठवून सांगितले. तिन्ही जुळले. सावलीत कुजबुज सुरू झाली.

तात्या उठले. त्यांच्या गल्लीला चार दिवसाला पाणी येतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. "घरातल्या घरात बोलायचं सोडून चव्हाट्यावर आणलं," ते म्हणाले.

आई बसल्या जागेवरून बोलली. माझ्या आठवणीत ती दिराशी पहिल्यांदा एवढ्या मोठ्यानं बोलली. "भाऊजी, घरातलेच तुमी, अन् मागच्या सभेत तुमीच तिला येडी ठरवली. मग कुठं बोलावं तिनं?"

तात्या बसले. नंतर दोन महिने ते आमच्या दारावरून मान खाली घालून जात होते. मला त्याचं वाईट वाटतं. माझं काही चुकलं असं मात्र वाटत नाही.

विजय वगैरे काही झाला नाही. ठरलं एवढंच, की सगळ्या गल्ल्यांना सहा दिवसांनी पाणी, आणि वेळापत्रक भिंतीवर लिहायचं. चार दिवसवाले चिडले. आमचे सहा कधी सात होतात, एकदा नऊ झाले. नऊ झाले त्या दिवशी मी कागद छापून सरपंचांकडं पाठवला. ग्रामसेवक एकदा म्हणाले, आता ठरलंय ना सगळं, आता ते मशीनचं लिहिणं बंद कर, कशाला डोक्याला ताप. मी म्हणाले, बंद होणार नाही.

मागच्या आठवड्यात भर दुपारी शिपाई दारात उभा राहिला. मी खुर्चीतूनच कडी काढली. तो आत आला, पाटीकडं, तिच्या शेजारच्या चपट्या डिस्ककडं बघत राहिला. वरच्या गल्लीनं त्याच्याविरुद्ध तक्रार केली होती, की तो खालच्या, म्हणजे आमच्या, गल्लीला जास्त वेळ पाणी सोडतो.

"तुमच्याकडं लिहिलेलं असंल ना," तो म्हणाला. "किती मिनिटं सोडलं ते. छापून देता का?"

त्यानं बरोबर सोडलं होतं. नोंदीत तसंच होतं. मी प्रिंटरमध्ये कागद घातला.

"देते की. पण दोन प्रती काढते. एकीवर तुमची सही लागंल, की ही नोंद खरी हाय म्हणून. ती माझ्याकडं राहील."

त्यानं खिशातला पेन काढला.